टेस्टमध्ये "अंतर्मुख" आलं म्हणून लीडची जागा गेली, हे बरोबर आहे का?

गेजवाली:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, सात वर्षं झाली. मागे एचआरने एक ट्रेनर बोलावला होता, दोन दिवस कॉन्फरन्स रूममध्ये एसी फुल, समोसे, गेम वगैरे, आणि सगळ्यांकडून ती एमबीटीआय टेस्ट (स्वभाव ओळखायची प्रश्नावली) भरून घेतली. माझं आलं आयएसटीजे, म्हणजे अंतर्मुख, काटेकोर, नियमाला धरून चालणारी. सगळ्यांनी एकमेकांचे रिझल्ट बघितले, हसलो, मला वाटलं विषय संपला.

आता आमच्या लाइनच्या क्वालिटी लीडची जागा रिकामी झाली आणि ती माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या मुलाला दिली. मुलगा चांगलाय, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण साहेब म्हणाले, "तुझं काम एक नंबर, पण तू इंट्रोव्हर्ट आहेस ना, रिपोर्टातच आलंय, लीडला प्रॉडक्शनशी भांडावं लागतं."

आता गंमत बघा, मागच्याच महिन्यात दुपारी शिफ्ट बदलताना एका लॉटमध्ये प्लग गेजची नो-गो बाजू (जी आत जायला नको ती) बोअरमध्ये, म्हणजे पार्टच्या भोकात, सरळ आत जात होती, म्हणजे बोअर मोठा झालेला. प्रॉडक्शनचा सुपरवायझर डोक्यावर उभा, गाडी भरायचीये जाऊदे जाऊदे करत. मी एक शब्द बोलले नाही, चारशे पीसना लाल टॅग लावला, रजिस्टरला नोंद केली आणि घरी गेले. हे भांडण नाही तर काय आहे?

पण खरं सांगू का, मीटिंगमध्ये मी गप्प असते हेही खरंय. तिथे सुचतच नाही, रात्री भांडी घासताना सुचतं आणि मग मी सकाळी मेल करते. घरी मात्र बहिणीबरोबर तोंड बंद नसतं. मग मी नक्की कशीय? आणि आपली कामाची पद्धत नेमकी ओळखायची कशी, कोणी केलंय का असं काही?

बिनपगारी_सल्लागार:
ताई, वीस वर्षं एचआरमध्ये काढलीत, या टेस्टा मी स्वतः घेतल्यात त्यामुळे पाप माझ्याही माथी आहे. पहिली गोष्ट, एमबीटीआय ज्यांनी बनवली त्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकी, दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. युंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं १९२१ चं पुस्तक वाचून त्यावरून १९४० च्या दशकात त्यांनी प्रश्नावली केली. हेतू चांगला होता, माणसाला आपल्याला जमेल असं काम मिळावं. पण त्यात माणूस एकतर इकडचा नाहीतर तिकडचा. उंचीचं उदाहरण घ्या, साडेपाच फुटांवर रेघ मारली आणि वरचे सगळे उंच, खालचे सगळे बुटके, तर रेघेच्या आसपास जी निम्मी जनता उभी आहे तिचं काय? म्हणूनच तर महिन्याभराने परत टेस्ट दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदललेलं असतं.

आणि मुद्द्याची गोष्ट, ही टेस्ट विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीवर घ्यायला किंवा कोणाला कुठलं काम द्यायचं हे ठरवायला ती वापरू नका. हे साहेबांना सांगा, भांडायला नको, नुसतं विचारा की टेस्टवालेच असं म्हणतात हे माहीत आहे का.

मोजायचंच असेल तर पाच गुणांचं मॉडेल बघा, बिग फाइव्ह म्हणतात. नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मन चटकन डहुळणं. प्रत्येकाला खाली-वर मार्क मिळतात, शिक्का नाही. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली, त्यात जवळपास सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडलेला गुण निघाला नेटकेपणा, बडबड नव्हे. चारशे पीसना टॅग लावून नोंद करणारी बाई त्यात कुठे बसते ते तुम्हीच बघा.

तूळ_रास:
पेपरातलं भविष्य आणि या टेस्टा, भाऊ भाऊ. फोरर नावाच्या प्राध्यापकाने १९४८ मध्ये वर्गातल्या पोरांची टेस्ट घेतली आणि नंतर "तुझा खास रिपोर्ट" म्हणून प्रत्येकाला कागद दिला, पोरांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. सगळ्यांच्या हातात एकच कागद होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली 😂 "तुम्ही कधी मिसळता तर कधी एकटे राहता" असलं काहीतरी, कोणाला लागू नाही ते सांगा.

बिनपगारी_सल्लागार:
@तूळ_रास तो प्रयोग खराय पण तो मोघम वाक्यांबद्दल आहे, सगळ्याच टेस्टा त्या पोत्यात घालू नका.

भोपाळ_रिटर्न:
मी एसएसबीला, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडतात तिथे, जाऊन आलोय, भोपाळ, पाच दिवस. तिथे माणूस ओळखायचा धंदाच चालतो म्हणून लिहितोय. समोर शब्द येतो, पंधरा सेकंदात वाक्य लिहायचं, असे साठ शब्द, दहाव्या शब्दानंतर क्लासमध्ये घोकलेली सगळी छान छान वाक्यं संपतात आणि खरा तुम्ही बाहेर येता. मग चित्रं बघून गोष्टी, त्यात शेवटचं पान कोरं. पण सांगायचा मुद्दा हा की तिथेही एका कागदावर कोणी ठरवत नाही. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिहिलेलं बघतो, दुसरा अधिकारी मैदानावर फळ्या-दोऱ्या देऊन ग्रुपमध्ये बघतो, तिसरा इंटरव्ह्यू घेतो, आणि शेवटच्या दिवशी तिघं एकत्र बसतात. मी कॉन्फरन्स आउट झालो, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत टिकून निवड झाली नाही, का ते सांगत नाहीत. पण मैदानावर मला एक कळलं, मी आयडिया आधी देतो आणि फळी उचलायला सगळ्यात शेवटी जातो 😅 हे कुठल्याही प्रश्नावलीत मी खरं लिहिलं नसतं. तुमच्या साहेबांनी सात वर्षं मैदान बघितलंय आणि निकाल कागदावर लावला, हे नाही पटलं.

वर्कशॉपकाका:
पोरी, मी ३४ वर्षं वर्कशॉपात होतो, थोडं उलटं बोलतो, रागावू नकोस. साहेबाने कारण चुकीचं दिलं पण मुद्दा अगदीच हवेतला नाही. लीडला सकाळच्या मीटिंगला उभ्या उभ्या तीन मिनिटांत सांगावं लागतं काल काय सडलं आणि का. रात्री भांडी घासताना सुचलेलं उत्तर सकाळच्या मेलमध्ये, तोवर निर्णय झालेला असतो. हे टेस्ट न घेताही दिसतं. पण याला अंतर्मुख म्हणायची गरज नाही, तयारीला वेळ लागतो म्हण. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी संध्याकाळी मागून घे, रात्रीच भांडी घास 😄

ओळखायची कशी म्हणालीस तर एक वही कर. पंधरा दिवस घरी जायच्या आधी दोन ओळी, आज कुठल्या कामात घड्याळ बघितलं नाही आणि कुठलं काम ढकलत ढकलत संध्याकाळ केली. बस. मनाचं काही लिहायचं नाही, घडलेलंच लिहायचं.

दुसरं म्हणजे आपल्याला आपली पाठ दिसत नाही, ती दुसऱ्याला विचारायची. ट्रेनिंगला एक जोहारी खिडकी शिकवायचे, मला वाटायचं कोणी जोहरी मारवाडी असेल, तर ते निघाले जो आणि हॅरी, दोन अमेरिकन, १९५५ चं. त्यातला एक चौकोन लोकांना दिसणारा पण आपल्याला न दिसणारा. मी स्वतःला फार शांत समजायचो. रिटायर होताना स्टोअरवाला म्हणाला, साहेब तुम्ही पेनाचं टोपण उघडबंद करायला लागलात की आम्ही चिठ्ठी घेऊन यायचोच नाही. ३४ वर्षांत एकाने सांगितलं नव्हतं. तू वरच्याला विचारू नकोस, खालच्याला विचार, ऑपरेटरला.

शनिवारची_सुट्टी:
काकांशी सहमत, फक्त एक भर. ग्रँट, जिनो आणि हॉफमन यांचा २०११ चा अभ्यास आहे, अमेरिकेतली ५७ पिझ्झाची दुकानं. पोरं स्वतःहून काही सुचवणारी असतील तिथे बोलका मॅनेजर असलेल्या दुकानांचा नफा कमी होता, आणि पोरं सांगकामी असतील तिथे बोलक्याचाच जास्त. म्हणजे कसा लीड चालेल हे लाइनवर माणसं कशी आहेत त्यावर. तुमच्या लाइनवर कशी आहेत?

गेजवाली:
सगळ्यांना खूप थँक्यू, तीन आठवड्यांनी येतेय कारण काकांची वही खरंच केली. निघालं काय तर गेज कॅलिब्रेशन, कंप्लेंटचं मूळ शोधणं यात मला चहाची वेळही कळत नाही, आणि ढकललेलं काम म्हणजे दर वेळी फोन. सप्लायरला फोन, प्रॉडक्शनला फोन. माणसं समोर असली की काही वाटत नाही, फोनच उचलवत नाही. हे मला माहीतच नव्हतं, मी सरसकट "मला बोलायला जमत नाही" म्हणत होते.

मग एका ऑपरेटर दादांना विचारलं, ते आधी नाही नाही म्हणाले, मग म्हणाले, "ताई तुम्ही टॅग लावून न बोलता जाता ना, मग आम्ही पूर्ण शिफ्ट विचार करतो आमचं नक्की काय चुकलं. ओरडलेलं परवडतं." मी ज्याची इथे फुशारकी मारली तेच निघालं! आता टॅगवर कारण लिहिते आणि गेज त्यांच्याच हातात देते, घालून बघा म्हणते. @शनिवारची_सुट्टी, लाइनवरचे लोक सुचवणारे आहेत की नाही हेही आत्ता कुठे कळतंय, मी विचारलंच कधी होतं.

साहेबांना रिपोर्टच्या वापराचं विचारलं. ते जरा वरमले, बघतो म्हणाले. जागा काही परत येत नाही. पण मंगळवारी कस्टमर ऑडिट आहे आणि मागच्या कंप्लेंटचं ८डी (चूक का झाली आणि काय उपाय केला याचा रिपोर्ट) मला प्रेझेंट करायला सांगितलंय. स्लाइड आजच बनवून ठेवल्यात, बहिणीला दोनदा ऐकवून झालं, तिला आता बोअरचा टॉलरन्स पाठ झालाय. पोटात गोळा आहेच.

वर्कशॉपकाका:
बहिणीला ऑडिटला घेऊन जा 😄 बुधवारी इथे येऊन सांग.