मानेतील धमनी फाटून आलेला पक्षाघात: औषधे आणि कष्टाच्या कामाविषयी मदत हवी आहे

माझे थोरले बंधू (वय ४१) रावेर तालुक्यात केळीची शेती करतात. त्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन नाही. केळीची कापणी चालू असताना त्यांची मान मागून डोक्यापर्यंत दुखू लागली, तेव्हा घड वाहून मान धरली असेल असे समजून त्यांनी सलूनमध्ये ती मोडून घेतली. काही दिवसांनी अचानक भोवळ व उलट्या सुरू झाल्या, आवाज घोगरा झाला, पाणी पितानाही ठसका लागू लागला आणि चेहऱ्याच्या डाव्या व अंगाच्या उजव्या बाजूला गरम-थंड कळेनासे झाले. हातापायांतील ताकद मात्र शाबूत होती, आणि आपल्याकडे लकवा म्हटला की वाकडे तोंड व गळालेला हात एवढेच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हा पक्षाघात असेल असे वाटलेच नाही.

जळगावला एमआरआय आणि सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची तपासणी) केल्यावर कळले की डाव्या व्हर्टेब्रल धमनीचे (मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी) आतील अस्तर फाटून रक्त भिंतीत शिरले होते आणि तेथे तयार झालेली गुठळी पुढे मेंदूच्या खोडाकडे गेली होती. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत तोवर उलटली होती. आता नाकातील नळी निघाली आहे, अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू आहेत. चालताना मात्र ते डावीकडे झुकतात.

गोळ्या किती काळ घ्याव्या लागतात, स्टेंटची गरज पडते का, आणि ते पुन्हा घड उचलू शकतील का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

अशी धमनी बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप भरून येते, म्हणून त्या सुमारास पुन्हा अँजिओग्राफी करून पुढील औषध ठरवतात. दोन्ही गोळ्या सहसा सुरुवातीच्या काळापुरत्याच एकत्र देतात. २०१५ च्या कॅडिस या रुग्णांवरील औषध-चाचणीत अशा गोळ्या आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे यांच्या परिणामांत ठळक फरक आढळला नव्हता. स्टेंट क्वचितच लागतो. धमनी उघडली तरी मेंदूच्या इजा झालेल्या भागाची उणीव व्यायामानेच भरून काढावी लागते, त्यामुळे तोल व गिळणे यांसाठीची फिजिओथेरपी सोडू नये. पुन्हा झटका येण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो व नंतर बराच कमी होतो. घड उचलण्याचा निर्णय नव्या अँजिओग्राफीनंतर न्यूरोलॉजिस्टना विचारूनच घ्यावा. मान मोडून घेणे मात्र कायमचे बंद. नव्याने मान दुखली, दोन-दोन दिसू लागले किंवा बोलणे अडखळले, तर थेट १०८ ला फोन करावा.