फोल्डर पुसता येत नाही, नावही बदलत नाही. त्याच डिस्कवरची एक फाइल तर खराब असल्याचा संदेश येतो

प्रश्न: दफ्तरदार_रत्नागिरी

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे दफ्तर पाहतो. वाचनालयाच्या सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आता इतक्या जीर्ण झाल्या आहेत की पान उलटताना कडा तुटून हातात येतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने त्या सर्व स्कॅन करून दिल्या. त्याच्या लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे, आमच्या कार्यालयात विंडोज १०. फाइली १ टीबीच्या बाह्य हार्ड डिस्कवर आहेत आणि डिस्कची रचना एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत) आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. 'इतिवृत्ते, पत्रे इ.' या नावाचे फोल्डर दिसते, पण उघडत नाही. नाव बदलू पाहिले किंवा पुसू पाहिले, तर ही वस्तू सापडत नाही असा संदेश येतो. त्याच डिस्कवर 'वही ७' ही पीडीएफ फाइल आहे. तिच्याबाबतीत संदेश निराळा आहे: फाइल किंवा फोल्डर खराब झाले असून वाचता येत नाही, आणि त्यापुढे ०x८००७०५७० हा क्रमांक. ती उघडत नाही, कॉपी होत नाही, पुसली जात नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, सेफ मोडमध्येही प्रयत्न केला. सगळे पुसून डिस्क फॉरमॅट करावी, असा सल्ला एका दुकानदाराने दिला. त्या वह्या पुन्हा स्कॅनरखाली ठेवण्याच्या अवस्थेत नाहीत, म्हणून त्याआधी येथे विचारतो आहे.

उत्तर १: सांगलीचा_संगणकवाला

फॉरमॅट करू नका. फोल्डर कदाचित शाबूत आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून डीआयआर या आज्ञेला तिरका दंड (/) आणि एक्स जोडून चालवा. प्रत्येक नावाशेजारी त्याचे आठ अधिक तीन अक्षरांचे जुने लघुनाव दिसेल. त्या लघुनावाने फोल्डरचे नाव बदलता येते. मी अनेकदा असे केले आहे.

उत्तर २: एनटीएफएस_अभ्यासक

वरील उपाय चांगला आहे, पण येथे तो बहुधा चालणार नाही. उबंटूवरून तयार केलेल्या फाइलींना एनटीएफएसवर लघुनाव दिले जात नाही, त्यामुळे तो रकाना रिकामाच दिसण्याचा संभव अधिक आहे.

आपल्याकडे दोन स्वतंत्र दुखणी आहेत आणि त्यांचे उपचार एकमेकांत मिसळले तर नुकसान होईल. फोल्डरमध्ये काहीही बिघडलेले नाही. दोष त्याच्या नावात आहे. 'इत्यादी'चे संक्षिप्त रूप म्हणून आपण 'इ.' लिहितो आणि नावाच्या शेवटी टिंब येते. एनटीएफएसला त्या टिंबाचे वावडे नाही, लिनक्सलाही नाही. विंडोजचा नेहमीचा मार्ग मात्र नावाच्या शेवटी आलेले टिंब किंवा रिकामी जागा परस्पर गाळून टाकतो. म्हणजे आपण 'इतिवृत्ते, पत्रे इ.' वर क्लिक करता तेव्हा विंडोज टिंबाविना 'इतिवृत्ते, पत्रे इ' शोधते, आणि त्या नावाचे फोल्डर डिस्कवर नसल्यामुळे ते सापडत नाही म्हणून सांगते. मराठीत संक्षेपाचे टिंब इतके सर्रास आहे (डॉ., प्रा., इ. स., ले., सं.) की आपल्या दप्तरांत ही अडचण वारंवार यावी, याचे मला नवल वाटत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे डिस्क त्याच विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला जोडून तेथेच नाव बदलणे. ते शक्य नसेल, तर विंडोजला नाव जसेच्या तसे घ्यायला भाग पाडता येते. त्यासाठी पूर्ण पत्त्याच्या आधी \\?\ ही चार चिन्हे लावायची, त्यानंतर ड्राइव्हचे अक्षर आणि विसर्ग चिन्हासारखा कोलन, मग संपूर्ण मार्ग, आणि हे सगळे दुहेरी अवतरणात. नाव बदलण्याची आर-ई-एन ही आज्ञा त्यापुढे अशी द्यायची की पहिल्या अवतरणात हा पत्ता आणि दुसऱ्या अवतरणात फक्त नवे नाव येईल. दोन गोष्टी सांभाळा: या पद्धतीत मार्ग अर्धवट चालत नाही, आणि शेवटचे टिंब अवतरण बंद होण्यापूर्वी आहे ना, हे डोळ्यांनी तपासा. काळ्या खिडकीत देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तरी घाबरू नका; नाव चिकटवलेले असेल तर आज्ञा त्याच नावावर चालते. आज्ञा नको वाटत असेल, तर सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमधून अशी नावे बहुतेक वेळा हाताळता येतात.

'वही ७' चे दुखणे खरे आहे आणि त्याला हात लावण्याआधी डिस्कची प्रकृती पाहिली पाहिजे. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनात ०५ आणि सी५ या ओळी पाहा. पहिली ओळ डिस्कने बदलून टाकलेले खराब विभाग सांगते, दुसरी संशयित म्हणून बाजूला ठेवलेले. तेथे शून्याहून मोठे आकडे असतील आणि ते वाढत असतील, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे असे समजा आणि दुरुस्तीची कोणतीही आज्ञा न चालवता आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हेच काम करते: सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडणारे विभाग शेवटी पुन्हा पुन्हा वाचून पाहते.

उत्तर ३: सांगलीचा_संगणकवाला

लघुनावाविषयीची दुरुस्ती मान्य आहे. उबंटूचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला. डिस्क निरोगी निघाली तर पुढचे पाऊल चेकडिस्क ही विंडोजची तपासणीची आज्ञा हेच. परंतु आधी जे वाचता येते ते सर्व दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. चेकडिस्कचे काम डिस्कवरील नोंदींची सुसंगती पुन्हा बसवणे हे आहे, आपला मजकूर वाचवणे नव्हे. एखादी नोंद जुळत नसेल तर ती काढून टाकायला ते कचरत नाही. प्रथम कोणतेही जोडअक्षर न देता चालवा, म्हणजे ते केवळ तपासून अहवाल देईल. त्यानंतर तिरका दंड आणि एफ जोडून दुरुस्ती करा. आर जोडल्यास प्रत्येक विभाग वाचला जातो आणि १ टीबीच्या डिस्कला कित्येक तास लागतात. रत्नागिरीत पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएसशिवाय ते करू नका.

कोणत्या फाइलीचा हे कळत नाही असा सुटा मजकूर फाउंड-शून्य-शून्य-शून्य या नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवला जातो. तो पाहण्यासाठी एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइलींबरोबरच सिस्टमच्या संरक्षित फाइलीही दाखवण्याची सोय चालू करावी लागते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: दफ्तरदार_रत्नागिरी

आपणा दोघांचे मनापासून आभार. लघुनावाचा रकाना खरोखरच रिकामा होता. चार चिन्हांच्या पद्धतीने फोल्डरचे नाव 'इतिवृत्ते व पत्रे' असे बदलले आणि ते तत्काळ उघडले. आतल्या सर्व फाइली सुखरूप आहेत. तो क्षण मी विसरणार नाही, कारण त्यात वाचनालयाच्या स्थापनेच्या सभेचे इतिवृत्त आहे.

डिस्कच्या दोन्ही ओळींत शून्य होते. विद्यार्थ्याला विचारले तेव्हा त्याने सांगितले की शेवटच्या दिवशी बस चुकू नये म्हणून त्याने डिस्क सुरक्षितपणे वेगळी न करता केबल काढली होती. बाकी सर्व उतरवून घेऊन चेकडिस्क चालवले. 'वही ७' मूळ जागेवरून नाहीशी झाली आणि लपवलेल्या फोल्डरमध्ये सीएचके विस्ताराची एकच मोठी फाइल मिळाली. तिचा विस्तार (नावातील टिंबानंतरची अक्षरे) पीडीएफ केला, पण पीडीएफ वाचण्याचे साधन ती उघडत नाही. हीच ती फाइल असेल का?

उत्तर ४: एनटीएफएस_अभ्यासक

असण्याची शक्यता पुष्कळ आहे. नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरे पाहा. टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे रोमन लिपीत पी, डी, एफ ही अक्षरे असतील तर ती पीडीएफच आहे. नोटपॅडमधून ती जतन मात्र करू नका. पीडीएफमध्ये कोणते पान फाइलीत कोठे आहे याची सूची शेवटी असते; लिहिणे मध्येच तुटले की ती सूची लिहिलीच जात नाही आणि पाने शाबूत असूनही वाचण्याचे साधन फाइल नाकारते. फाइलीची एक प्रत काढून त्या प्रतीवर क्यूपीडीएफ चालवा. ते साधन आतला मजकूर चाळून सूची नव्याने बांधण्याचा प्रयत्न करते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: दफ्तरदार_रत्नागिरी

पहिली अक्षरे आपण सांगितली तशीच होती. क्यूपीडीएफने बऱ्याच सूचना दाखवल्या, पण नवी फाइल तयार झाली आणि ती उघडली. वहीतील ४४ पानांपैकी ४१ पाने स्पष्ट आहेत. उरलेली ३ पाने शेवटची आहेत. तेवढ्यांसाठी वही स्कॅनरवर दाबण्याची गरज नाही, उद्या सकाळच्या उजेडात ती उशीवर अर्धवट उघडी ठेवून कॅमेऱ्याने छायाचित्रे घेणार आहे.