मऊ व्हायनलच्या कॉस्च्युमवर कुठला रंग टिकतो? स्प्रे मारून तीन आठवडे झाले, अजून चिकटच

पडद्यामागची

मदत हवीये आणि जरा घाईत हवीये. नाटकासाठी एका योद्ध्याचा पोशाख करतेय. खांद्यावरची कवचं मऊ पीव्हीसीची (म्हणजे व्हायनलचीच), दाबली की दबतात तसली, तयार मिळालेली, आणि मनगटपट्टे आणि कंबरपट्टा मी रेक्झिनचे शिवलेत, म्हणजे मागून कापड आणि वर व्हायनलचा थर. सगळं काळं आहे, मला ते जुन्या तांब्यासारखं दिसायला हवंय.

आधी कवचांवर साधा इनॅमलचा स्प्रे मारला, दुसऱ्या दिवशी बरा वाटला म्हणून पिशवीत भरून ठेवलं, काढून बघते तर दोन्ही कवचं एकमेकांना घट्ट चिकटलेली, सोडवताना एकाच्या रंगाचा पापुद्रा दुसऱ्यावर गेला. आज तीन आठवडे झाले तरी बोट टेकवलं की ठसा उमटतो. उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, काही फरक नाही. मनगटपट्ट्यांना मग क्राफ्टवाले अ‍ॅक्रिलिक रंग लावले, ते वाळले छान पण नटाने मनगट दोन-चारदा वळवलं आणि घडीवर भेगा पडून खपल्या निघायला लागल्या. आता नेमकं काय घेऊ? आणि तो चिकट थर काढायचा कसा?

मुखवटेवाला

ताई, तो इनॅमल आता वाळणार नाही, वाट बघत बसू नका. तुमची चूक काही नाही, डब्यावर "प्लास्टिकसाठी चालेल" असं लिहिलेलं असतं ते कडक प्लास्टिकबद्दल असतं.

होतं काय की पीव्हीसी मुळात कडक, नळाच्या पाइपसारखं. मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, तेलकट द्रव असतो, बऱ्याचदा थॅलेट जातीचा, आणि थोडाथोडका नाही, मऊ व्हायनलमध्ये वजनाच्या पाव हिश्शाच्या पुढे सहज जातो. तो प्लास्टिकला पक्का जोडलेला नसतो, नुसता मुरलेला असतो, त्यामुळे हळूहळू वर येत राहतो. वर इनॅमलचा थर मिळाला की त्यात शिरतो आणि ज्या कामासाठी घातला तेच काम तिथेही करतो, रंगाला मऊ करतो. म्हणून वरून वाळल्यासारखा वाटतो आणि दाब पडला की चिकटतो. उन्हात ठेवणं तर उलटंच, गरम झालं की प्लास्टिसायझर जास्त भराभर वर येतो. साधा प्रायमर मारून वर रंग दिलात तरी प्रायमरचंही तेच होतं.

त्यामुळे दोन गोष्टी बघायच्या, रंगाचा बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा पदार्थ, प्लास्टिसायझरने चिकट होणारा नको, आणि वाळल्यावर रंग वाकला पाहिजे. इनॅमल पहिल्यात नापास, तुमचा क्राफ्टचा अ‍ॅक्रिलिक दुसऱ्यात.

आणि रंग घ्यायच्या आधी वस्तू खरंच व्हायनल आहे ना एवढं नक्की करा. लॅटेक्स असेल तर रंग वेगळे लागतात, सिलिकोन असेल तर सिलिकोनच्याच रंगाशिवाय काही धरत नाही. मात्र कडा जाळून बघू नका कोणी सांगितलं तरी, पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो छातीत जातो.

सुईदोरा

मनगटपट्टे आणि कंबरपट्ट्यासाठी माझं मत चामड्याचे अ‍ॅक्रिलिक रंग, बुटांवर वापरतात ते, एंजलस वगैरे. पाण्यातलेच आहेत पण बाइंडर मऊ असतो, बूट चालताना दुमडतो तरी फुटत नाही तर मनगट काय चीज आहे. तांब्याचा मेटॅलिक शेडही त्यात मिळतो आणि तुमचा बेस काळा आहे हे फार चांगलं, वर पातळ हात मारला की खाचांमध्ये काळं राहतं आणि जुनं तांबं आपोआप दिसतं. फिकट रंग करायचा असता तर आठ-आठ हात द्यावे लागले असते.

पण तयारी नीट करा, अर्ध काम तेच आहे. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं, साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी कवचांवर हमखास असतं ते जातं. पूर्ण वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं, चमक जाईल इतपतच घासायचं आणि परत पुसायचं. चामड्याच्या रंगांबरोबर जे डिग्लेझर, म्हणजे वरची चमक काढायचं द्रव, देतात ते रेक्झिनला लावू नका, त्यात बहुतेकदा असिटोनसारखं काहीतरी असतं आणि ते व्हायनलचा वरचा थरच खातं.

अजून एक, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पट्टा टेबलावर सपाट ठेवून रंगवू नका! बाटलीला किंवा गुंडाळलेल्या टॉवेलला मनगटासारखा बांधा आणि त्या गोल आकारातच रंगवा, वाळूही तसाच द्या. सपाट असताना रंगवलं की घालताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि पहिल्याच दिवशी रंगावर ओढ पडते. पातळ चार-पाच हात द्या, आधीचा हात हाताला कोरडा लागल्याशिवाय पुढचा नको.

गिअर_आणि_ग्रीस

मी गाड्यांच्या सीट आणि दाराच्या पॅनलची कामं करतो, तिथेही हाच माल असतो. कवचांसारख्या मोठ्या भागाला ब्रशपेक्षा गाडीच्या आतल्या व्हायनलचा स्प्रे घ्या, डब्यावर "व्हायनल आणि फॅब्रिक" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. त्यातलं सॉल्व्हंट व्हायनलला किंचित चावतं आणि रंग वरच्या थरात धरतो, नुसता पापुद्रा बसत नाही. म्हणून जाड मारायचा नाही, धुक्यासारखे तीन-चार हात, मध्ये दहा मिनिटं. एकदम ओला मारलात तर व्हायनल सुरकुततं आणि ते मग सरळ होत नाही. मोकळ्यात मारा आणि ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला मास्क लावा, कापडी मास्क या वासाला काहीच करत नाही.

त्यात तांब्याचा शेड नाहीच मिळाला तर स्प्रे तपकिरी किंवा काळा मारून वर सुईदोरा म्हणतायत तो चामड्याचा मेटॅलिक स्पंजने टेकवा. मेटॅलिकवर मात्र वरून लवचीक पारदर्शक फिनिशर हवाच, नाहीतर चमकीचे कण हाताला आणि दुसऱ्या कपड्यांना लागत राहतात. साधा क्लिअर लॅकर नको, तो काचेसारखा तडकतो.

रबरासारखा सोलून निघणारा कोटिंग स्प्रे कोणी सुचवेल, एका प्रयोगापुरतं ठीक आहे, पण कडेला नख लागलं की पूर्ण चादर निघते.

पडद्यामागची

खूप खूप धन्यवाद, आत्ता कळलं काय चाललं होतं. पण आधीचा चिकट थर? माझ्याकडे थिनर पडलाय.

मुखवटेवाला

थिनर नको!! त्यात टोल्युइन, कीटोन असलं असतं, व्हायनल फुगेल आणि गिळगिळीत होईल. मिनरल टर्पेंटाइन घ्या, फडकं ओलं करा, आतल्या बाजूला एका कोपऱ्यात आधी बघा, मग छोटा छोटा भाग पुसून लगेच कोरडं करायचं. भिजवून ठेवू नका, ते प्लास्टिसायझरही ओढून काढतं आणि माल कडक होतो. फडकं सारखं बदला, नाहीतर तोच चिकटा पसरत राहतो. शेवटी साबणपाणी. खाचांमध्ये थोडं राहील, तिथे जुना टूथब्रश. आणि ती टर्पेंटाइनची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा.

सुईदोरा

आणि मूळ पोशाखाला हात लावायच्या आधी उरलेल्या रेक्झिनच्या पट्टीवर करून बघा. दोन दिवस वाळू द्या, मग एकाच जागी वीसेक वेळा दुमडा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, आणि शेवटी रंगाची बाजू रंगाच्या बाजूला लावून वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. तुमची कवचं चिकटली ती याच परीक्षेत सापडली असती. ठेवतानाही पिशवीत कोंबू नका, मध्ये बटर पेपर घाला.

पडद्यामागची

आठवड्याने सांगतेय. तीन पट्ट्या केल्या. व्हायनलचा स्प्रे नुसता, चामड्याचा रंग नुसता, आणि स्प्रेवर चामड्याचा तांबेरी आणि फिनिशर. दुमडण्यात तिन्ही पास. चिकटपट्टीला नुसत्या चामड्याच्या रंगाचा कडेचा थोडा तुकडा आला, तिथे मी पेपरने घासायला कंटाळा केला होता, घासलेल्या भागातून काहीच आलं नाही. पुस्तकांखाली तिसरी पट्टी सकाळी अलगद सुटली, ठसासुद्धा नाही. कवचांचा इनॅमल निघायला दोन संध्याकाळी गेल्या, पण निघाला. काल दोन्ही कवचं उलट्या पातेल्यांवर बसवून स्प्रेचा पहिला हात दिलाय, आज बोट लावून बघितलं, कोरडं आहे.