पाकिटातलं काय काय बंद करून घरी केलं तर खरंच पैसे वाचतात?

घाईतली_मी:
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्याचं किराणा ॲपचं बिल एकत्र करून बघितलं आणि माझा नि नवऱ्याचा दोघांचाही चेहरा पडला. भाजी-धान्य फार नाहीये त्यात, जास्त करून पाकिटं आणि डबेच, दही, इडलीचं पीठ, पनीर, आलं-लसूण पेस्ट, अर्धकच्च्या पोळ्या, थालीपिठाची भाजणी, तूप. आम्ही वाकडला दोघंच राहतो, ऑफिस हिंजवडीत, अंतर कमी पण ट्रॅफिकमुळे घरी यायला साडेसात होतात. आई म्हणते सगळं घरी कर त्यात काय एवढं, पण ती ४० वर्षं स्वयंपाक करतेय. मला रविवारची सकाळ मिळते फक्त (नवरा निवडणं, सोलणं, भांडी सगळं करतो, तो प्रश्न नाही). तर कशात खरंच पैसे वाचतात आणि कशात नुसतीच दमणूक? गॅस-वीज धरून सांगा प्लीज. "घरचं ते घरचं" हे उत्तर नकोय :)

सदाशिवपेठी_काकू:
अगं दही आणि तूप, बाकी नंतर. फुल क्रीम दूध घे, तापवलं की गार करून फ्रीजमध्ये ठेव, सकाळी जाड साय येते ती एका स्टीलच्या डब्यात काढायची आणि पहिल्या दिवशीच त्यात चमचाभर दही घालून ठेवायचं म्हणजे साय कडवट होत नाही. आठवड्याने डबा रात्रभर बाहेर ठेव, सकाळी मिक्सरमध्ये गार पाणी घालून फिरव, लोणी वर येतं. ते दोन-तीनदा पाण्याने धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर कढव, तडतड थांबली आणि बेरी बदामी झाली की लगेच बंद. रोज लिटरभर दूध असेल तर महिन्याला अर्धा-पाऊण किलो तूप निघतं, अर्धा लिटर असेल तर त्याच्या निम्मं. शिवाय ताक मिळतं, आणि साय काढलेल्या दुधाचं दही लागतंच. फुकटचं तूप गं, बाजारात काय भाव आहे बघ!

हिशोबी:
काकू, फुकटचं नाही हं ते, माफ करा. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, आणि आमच्याकडे दोघांच्या दरात लिटरला १२-१३ रुपयांचा फरक आहे. रोज लिटर धरलं तर महिन्याला पावणेचारशे रुपये तुम्ही त्या सायीचेच भरताय, त्यात ६०० ग्रॅम तूप निघालं तर दुकानातल्या तुपाशी जवळजवळ बरोबरी होते. घरात आधीपासूनच फुल क्रीम येत असेल तर साय जरूर साठवा, पण तुपासाठी म्हणून दूध बदलू नका.

आता मूळ प्रश्न. गॅसची उगाच धास्ती घेतात लोक. १४.२ किलोचा सिलेंडर ९०० ला धरला तर किलोला ६३-६४ रुपये, मोठा बर्नर फुल ठेवला तरी तासाला दीड-दोनशे ग्रॅम जाळतो, म्हणजे १०-१२ रुपये. ७५० वॉटचा मिक्सर २० मिनिटं चालला तर पाव युनिट. खरा खर्च तुमच्या वेळेचा आणि वाया जाणाऱ्या मालाचा.

इडलीचं पीठ घरीच करा, इथे फरक मोठा आहे. पाऊण किलो इडली तांदूळ, पाव किलो उडीद डाळ, चमचाभर मेथ्या, सगळं मिळून ७०-७५ रुपये, आणि भिजून वाटून पाणी धरून पीठ होतं अडीच किलोच्या आसपास. पाकीट किलोला ९० च्या घरात. तुम्ही दोघंच आहात तर निम्मंच करा, नाहीतर चौथ्या दिवशी आंबट ढाण पीठ बेसिनमध्ये जातं आणि सगळी बचत त्याच्याबरोबर. पहिल्या दिवशी इडली, मग डोसे, उरलेल्यात कांदा-मिरची घालून उत्तप्पे.

पनीर सोडून द्या. एक लिटर फुल क्रीम ७० रुपये, निघतं २०० ग्रॅम, २०० ग्रॅमचं पाकीट ८५-९०. पंधरावीस रुपयांसाठी दूध फाडा, गाळा, वजन ठेवा, फडकं धुवा. हां, दूध नासलंच असेल तर गोष्ट वेगळी. उलट त्याच लिटरभर दुधाचं दही लावून टांगलं तर साडेतीनशे-चारशे ग्रॅम चक्का मिळतो, साखर घातली की पाऊण किलोच्या आसपास श्रीखंड, पाडव्याला डब्याचे भाव बघून मग हा हिशोब करा.

बिनधास्त_बबन:
एवढं एक्सेल करण्यात जो वेळ गेला तेवढ्यात एखादं फ्रीलान्स काम झालं असतं भाऊ 😀 सिरियसली, आयटीतल्या माणसाचा तासाचा रेट काढा आणि मग पीठ वाटा.

हिशोबी:
बबनराव, रविवारी सकाळी ९ ते १० कोण देतं तुम्हाला तासाचे पैसे? मलाही सांगा, मी पण येतो.

दळण_घेऊन_आले:
भाजणीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. ज्वारी, बाजरी, तांदूळ अर्धा अर्धा किलो, हरभरा डाळ पाव, उडीद आणि गहू आतपाव आतपाव, धने मूठ-दोन मूठ, थोडं जिरं. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, घाई केली की डाळ बाहेरून काळी आणि आत कच्ची राहते. तासभर जातो पण दळण धरून किलोला ७०-८० पडते, विकतची बरी घ्यायला गेलं की २०० च्या आत मिळत नाही आमच्या भागात. फक्त गिरणीवाल्याला आधी विचारून जा की आत्ता कशाचं दळण चालू आहे, मसाल्यावर किंवा मिरचीवर दळून दिली तर संपलं. उपासाची करणार असाल तर उपासाच्या दळणावरच, एरवी गव्हाचं पीठ येतंच त्यात. दोन किलो एकदम करून निम्मी आईला द्या, पावसाळ्यात जास्त साठवू नका, कुबट वास येतो.

आणि आलं-लसूण पेस्ट, नवरा लसूण सोलतोय म्हटल्यावर विकत का आणताय?? मीठ घालून वाटा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, क्यूब काढून पिशवीत भरा, संपला विषय. दाण्याचं कूटही तसंच.

श्टुटगार्टकर:
इकडे जर्मनीत गणित उलटं आहे म्हणून गंमत वाटली. सायीची वाटच बघायची नाही, इथल्या होमोजिनाइज्ड दुधावर साय धरतच नाही म्हणा ना, पण बिनमिठाचं बटर सुपरमार्केटमध्ये सेलला लागतं तेव्हा चार पाकिटं उचलायची आणि थेट कढवायचं. बटरमध्ये फॅट ८२ टक्के, २५० ग्रॅमच्या पाकिटातून २०० ग्रॅम तूप निघतं आणि इंडियन स्टोअरच्या डब्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पनीर मात्र मी घरीच करतो, बचतीसाठी असंही नाही, रविवारी इथे दुकानं बंद असतात आणि मला नेमकी तेव्हाच पालक पनीरची आठवण येते.

घाईतली_मी:
वा, खूप खूप धन्यवाद! दही, इडलीचं पीठ, पेस्ट, कूट आणि भाजणी एवढं धरते, पनीर बाद. आमच्याकडे दूध टोन्डच येतं त्यामुळे तूप पण बाद (काकू रागावू नका). दोन शंका, पोळ्यांचं काय? आणि थंडीत पीठ फुगतच नाही असं सगळे म्हणतात, त्याला काय करायचं?

सदाशिवपेठी_काकू:
रागावते कशाला, पण टोन्ड दुधाचं दही पातळ लागतं हे आत्ताच सांगून ठेवते. किलोभर कणकेत तीसेक पोळ्या होतात, तेल-गॅस धरून एक दोन-अडीच रुपयांना पडते, तुझी अर्धकच्ची कितीला येते ते बघ. रोज जमणार नसेल तर पोळ्यांना बाई लाव, तरी स्वस्त पडेल. थंडीत डाळ-तांदूळ गरम पाण्यात भिजव, वाटताना पाणी कोमट घे, हाताने चांगलं फेट आणि भांडं कणकेच्या डब्यात नाहीतर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेव. उन्हाळ्यात आठ तासांत फुगतं ते डिसेंबरात पंधरा-सोळा तास घेतं, म्हणून शनिवारी दुपारीच वाटून ठेव, रविवारी सकाळी घाई नको.

बिनधास्त_बबन:
रविवारी इडली आहे म्हणता, वाकडला कुठे राहता नक्की?