अनुभव सांगा: एडिटर ओळी आपोआप उजवीकडे सरकवतो तेव्हा

परवा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हरवर काम करत होतो. विम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये चाळीसेक ओळींची यामल फाइल (सेटिंग लिहायची साधी मजकूर-फाइल) पेस्ट केली, तर रामकुंडाच्या पायऱ्या दिसाव्यात तशा ओळी उजवीकडे सरकत गेल्या. जुन्या विमला पेस्ट आणि टायपिंग यांतला फरक कळत नाही. दर एंटरला तो वरच्या ओळीचा इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, उचलतो, त्यावर आपल्या मजकुरातल्या स्पेस चढतात. पेस्ट करण्याआधी ‘:सेट पेस्ट’ दिलं आणि काम झालं. नंतर ‘:सेट नोपेस्ट’ आठवणीने द्या, नाहीतर तुमचे इन्सर्ट मोडमधले (टाइप करतानाचे) शॉर्टकट बंदच राहतात. तुमच्याकडे काय झालं, कसं सुटलं, ते सविस्तर लिहा.

सिडको, डिप्लोमाच्या मुलांना पायथन शिकवते
आमच्याकडे हे रोजचंच. मूल लॅबमध्ये नोटपॅड प्लस प्लसवर लिहितं, घरी व्हीएस कोडवर पुढे नेतं. एकीकडे टॅब, दुसरीकडे चार स्पेस. डोळ्यांना ओळी सरळ दिसतात, पण पायथन ३ ‘टॅबएरर’ देऊन थांबतो. एक मुलगी दोन तास तीच ओळ पुसून परत लिहीत होती, रडकुंडीला आली होती. मी व्ह्यू मेनूतून स्पेस आणि टॅब दाखवायला लावले. सगळीकडे ठिपके आणि मध्येच एक बाण! तो बाण म्हणजे टॅब. आता पहिल्याच तासाला हे दाखवते. व्हीएस कोड फाइल उघडताना तिच्यातला इंडेंट ओळखून तुमची सेटिंग बाजूला ठेवतो, म्हणून खालच्या पट्टीत ‘स्पेसेस’ आहे की ‘टॅब’, ते आधी वाचा.

रविवार कारंजा, डीटीपी
आमचा कोड नाही, लग्नपत्रिका. वर्डमध्ये तयार ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबला की टॅब पडतच नाही, परिच्छेदाचाच इंडेंट बदलतो. पुढे एंटर मारला की खालची ओळही तशीच. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ मधोमध आणायला गेलो आणि खालची सगळी नावं सरकली. ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ आहे, तिथली टॅब-बॅकस्पेसने इंडेंट लावण्याची खूण काढा.

नाशिकरोड
मी ईमॅक्स हा दुसरा एडिटर वापरतो. त्यात २४.४ आवृत्तीपासून एंटरला इंडेंट आपोआप येतो. ‘इलेक्ट्रिक-इंडेंट-मोड’ बंद केला, संपलं.

धागाकर्ता
माझं एक राहिलंच होतं. पेस्ट सुटलं, पण त्याच फाइलमध्ये हाताने कोलन टाइप केला की ओळ जागची हलायची. ऑटोइंडेंट बंद करूनही तेच. शेवटी ‘:व्हर्बोज सेट इंडेंटकीज?’ विचारलं. इंडेंटकीज म्हणजे कोणती अक्षरं टाइप केली की विमने ओळीचा इंडेंट पुन्हा लावायचा, त्यांची यादी. ही सेटिंग शेवटची कुठून लागली, ते विम फाइलच्या नावासकट सांगतो. यामलच्या इंडेंट फाइलमधून आली होती आणि तिच्या यादीत कोलन होता. तेवढा कोलन यादीतून काढला, बाकी इंडेंट चालू ठेवला. सगळं बंद करण्याआधी हा प्रश्न एकदा विचारून बघाच.