विजेशिवाय व्हॅनमध्ये अन्न थंड कसं ठेवायचं? मदत हवी आहे (शुक्रवारी निघतोय)

किनारावेडी
नमस्कार मंडळी. शुक्रवारी पहाटे निघायचंय आणि आज सोमवार. व्हॅनमध्ये झोपायची सोय झाली, पाण्याची टाकी बसली, शेगडी बसली, आता फक्त फ्रीजपाशी घोडं अडलंय. मागच्या वेळी बर्फाचा डबा नेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यात नुसतं पाणी. दूध नासलं, पनीर आंबलं, सगळं फेकावं लागलं आणि मुलं रात्री बिस्किटं खाऊन झोपली. या वेळी तसं नको.
वीज कुठेही मिळणार नाही. १२ व्होल्टवर चालणारा एक छोटा कूलर ऑनलाइन पाहिलाय, चार हजारांच्या आत आहे, गाडीच्या लायटर सॉकेटला लागतो. घेऊ का? आज कळलं तर लगेच मागवते. "फ्रीज हवाच कशाला" हे कृपया कोणी सांगू नका.

खलाशीपुत्र
कुठली गाडी, कुठे जाताय, किती दिवस, किती माणसं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. लेहला जाणाऱ्याला एक उत्तर आणि मालवणला जाणाऱ्याला दुसरं.

तंत्रवेडा
गाडी कुठलीही असो, तो कूलर घेऊ नका. चार हजारांत कॉम्प्रेसर (घरच्या फ्रीजमध्ये असतो तो) येत नाही, म्हणजे तो पेल्टियरवाला, नुसत्या विजेच्या चकतीने गार करणारा असणार. तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५ ते २० अंश खाली जातो. मे महिन्यात बंद गाडीत ४५ अंश झाले की आत २५. त्यात दूध नासायचं ते नासणारच. वर तो सतत चार-पाच अँपिअर ओढत राहतो. रात्रभर लावलात तर सकाळी गाडी सुरू होणार नाही, कारण ती बॅटरी स्टार्टरची असते, खोलवर रिकामी करण्यासाठी नसते.
कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रीज घ्या. बजेट किती?

दक्षिणवारा
मी ऑस्ट्रेलियात असतो. इथे दर दुसऱ्या कॅराव्हॅनमध्ये थ्री-वे फ्रीज दिसतो. गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज, तिन्हींवर चालतो. मुक्कामी गॅसवर टाकायचा, बॅटरीची चिंताच नाही. आम्ही असाच नेला आणि दोन आठवडे मांस, दूध, लोणी सगळं उत्तम राहिलं. छोट्या सहलीला इथले लोक साधा बर्फाचा डबा नेतात, त्याला एस्की म्हणतात. पण तुम्ही थ्री-वेच बघा.

तंत्रवेडा
दक्षिणवारा, तो फ्रीज गाडी सपाट उभी असेल तरच नीट चालतो, मागे हवा खेळायला जाळी लागते आणि जळलेला वायू बाहेर काढायची सोय लागते. सोमवारी विचारून शुक्रवारी निघणाऱ्या बाईंना हे कसं जमणार? शिवाय कडक उन्हात त्याची थंडाई कमीच पडते.

दक्षिणवारा
आमच्याकडे ४० अंशात चालला. सावलीत लावला होता.

परवानाधारक
शेगडी बसवली, टाकी बसवली म्हणता. आरटीओची परवानगी घेतली का? नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडीत मोठा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरी लागते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेही वाचून घ्या.

किनारावेडी
शेगडी सुटी आहे, फळीवर पट्ट्याने बांधलेली, आणि स्वयंपाक गाडीबाहेरच करतो. परवान्याचं वेगळ्या धाग्यावर बोलू.
गाडी मारुती इको. हरिहरेश्वर, दापोली, हर्णै, दाभोळच्या फेरीबोटीने गुहागर, मग गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. २९ मे ते ६ जून. मी, नवरा, दोन मुलं (६ आणि ९) आणि सासूबाई. बजेट सगळं मिळून दहा हजार. ठेवायचं काय तर दूध, दही, भाज्या, अंडी, वाटेत घेतलेली मासळी आणि आईंचं इन्सुलिन.

तंत्रवेडा
दहा हजारांत कॉम्प्रेसर फ्रीज बसत नाही. तरी हिशोब देतो, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. ३५-४० लिटरचा फ्रीज चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो आणि मेच्या उकाड्यात निम्मा वेळ चालूच असतो. म्हणजे दिवसाला सुमारे ५४० वॅट-तास. १०० अँपिअर-तासाची वेगळी लिथियम बॅटरी दोन दिवस पुरते. साध्या लेड-अ‍ॅसिडची निम्मीच वापरायची, म्हणून ती जेमतेम एक दिवस. टपावर १०० वॅटचं सौर पॅनेल सपाट टाकलं तर लख्ख उन्हात दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास देईल, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात ढग येतात. गाडी चालताना डीसी चार्जरमधून भरायची सोय मात्र ठेवाच.

डोळस
थांबा. इन्सुलिन यादीच्या शेवटी? दुधाआधी त्याचं बोला. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि ते गोठता कामा नये. एकदा गोठलं की नंतर दिसायला कसंही असो, वापरायचं नाही. बर्फासाठी गोठवलेली पाण्याची बाटली डीप फ्रीजरमधून काढली की सुरुवातीला उणे १८ अंशांची असते. तिला इन्सुलिनचं पेन चिकटून राहिलं तर इन्सुलिन खराब होईल. चालू पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालतं. नेमका आकडा वेष्टनावर पाहा आणि डॉक्टरांना फोन करा. माझ्या वडिलांचं मी चार वर्षं सांभाळलं. उभ्या गाडीत पेन कधीही सोडू नका.

वऱ्हाडी पाहुणा
एवढा खर्च कशाला? आम्ही नागपूरकडे मोठ्या माठात लहान माठ ठेवतो, मधे ओली रेती, वरून ओलं फडकं. मे महिन्यात भाज्या चार दिवस ताज्या राहतात. इन्सुलिनची थैलीही त्यातच ठेवा. वीज नको, बर्फ नको.

खलाशीपुत्र
पाहुणे, तुमच्याकडची हवा कोरडी म्हणून ते चालतं. पाणी उडून गेलं तरच थंडावा येतो. आमच्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये धुतलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे माठ कुठून गार होणार? दोन-तीन अंश फरक पडेल. टोमॅटो, काकडी ठेवायला छान. इन्सुलिनला नाही.
किनारावेडी, तुम्ही बंदरांवरूनच जाताय. मासेमारीची बंदरं आहेत तिथे बर्फ आहे. हर्णैला, रत्नागिरीत मिरकरवाड्याला, देवगडला लादी फोडून मिळते. मागच्या वेळी फसलात ते डब्यामुळे. डबा कसला होता?

किनारावेडी
प्लॅस्टिकचा, सहलीला नेतात तो. बर्फ घरच्या ट्रेमधला.

खलाशीपुत्र
तरीच! ट्रेमधले खडे लगेच वितळतात. अखंड लादी घ्यायची, जाड, रुमालात किंवा गोणपाटात गुंडाळून तळाला. आणि मासळीवाले वापरतात तो थर्माकोलचा खोका घ्या, दोन इंच भिंतीचा. बाहेरून जुनी गोधडी. दोन खोके करा, एक पिण्याच्या बाटल्यांचा, एक अन्नाचा. मुलं पाण्यासाठी दिवसातून वीस वेळा झाकण उघडतात आणि तिथेच बर्फ संपतो. वितळलेलं पाणी काढत राहा.

तंत्रवेडा
खोक्याचं पटतं. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. एक इंची खोक्यात बाहेर ३५ अंश असताना दिवसाला आठ-नऊ किलो लागेल, दोन इंचीत निम्मा. पण पाणी काढायचं का? तेही शून्याच्या जवळपास असतं. नवी लादी टाकेपर्यंत राहू द्यावं, नाहीतर त्या जागी गरम हवा शिरते.

खलाशीपुत्र
मासे पाण्यात राहिले की मऊ पडतात आणि वास मारतात. मी बंदरावर वाढलोय.

तंत्रवेडा
मासळीचं काढा, दुधाचं राहू द्या. इतकंच म्हणतोय.

डोळस
बंदरावरचा बर्फ पिण्यात किंवा सरबतात घालू नका. खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम राज्यात २०१८ पासून आहे, तरी पांढरा दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. अन्न घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, म्हणजे ते पाणी आत शिरणार नाही. इन्सुलिन त्यातल्या एका लहान डब्यात, टॉवेलमध्ये गुंडाळून, सगळ्यात वर. शेजारी तापमापक.

सुगरण
तुम्ही सांगू नका म्हणालात तरी लिहिते, कारण मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे. टेट्रा पॅकचं दूध फोडेपर्यंत बाहेर राहतं, फोडलं की संपवायचं, म्हणून लहान पॅक घ्या. अंडी न धुता, सावलीत, टोपलीत ठेवा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आमसुलं हे सगळं बिनबर्फाचं. पनीर नकोच. मासळी घ्याल ती त्याच वेळी रांधा. खोक्यात जितकं कमी तितकं ते गार राहील.

किनारावेडी
फ्रीज हवाच कशाला म्हणायचं नाही म्हटलं होतं, पण सुगरणताई, पनीर आणि दही यादीतून काढलं. इन्सुलिनचं मी शेवटी लिहिलं ते चुकलंच. आईंच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, जादा एकच पेन न्या, बाकी लागलं तर रत्नागिरीत औषधाच्या दुकानातून घ्या.

खलाशीपुत्र
तारखा आता नीट पाहिल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या की बंदरावरच्या बर्फालाही गिऱ्हाईक राहत नाही. हर्णैला मिळेल, रत्नागिरीत ३१ मेच्या आत पोचलात तर मिळेल, पुढे खात्री नाही. तिथे खोके काठोकाठ भरून घ्या.

दक्षिणवारा
ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मिळेल का तिकडे? उणे ७८ अंश असतो.

डोळस
बंद व्हॅनमध्ये पाच माणसं झोपणार आहेत. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. कृपया असलं सुचवू नका.

किनारावेडी (बुधवार)
मासळीबाजारातून दोन इंची खोका आणला, साडेतीनशे रुपये. कूलर मागवला नाही. काल रात्री ९ ला गच्चीत दहा किलोची लादी घालून ठेवला, दोन तापमापक टाकले. सकाळी ७ ला तळाशी २ अंश, वरच्या थरात ७, टॉवेलमधल्या डब्यात ५. लादी तीन चतुर्थांशाहून जास्त शिल्लक. दिवसभर उन्हात गोधडीखाली ठेवून परत मोजणार आहे.
राहिला प्रश्न १ जूननंतर मालवण-वेंगुर्ल्याचा. बर्फ कुणाकडे मागायचा?

खलाशीपुत्र
दोन लिटरच्या सहा बाटल्या पाण्याने पाऊण भरून सोबत ठेवा. संध्याकाळी बाजारातल्या आइस्क्रीमच्या किंवा थंड पेयांच्या दुकानात जायचं, काहीतरी घ्यायचं आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवाल का, असं विचारायचं. आम्हाला वेंगुर्ल्यात दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने पैसेही घेतले नाहीत. सकाळी दुकान किती वाजता उघडतं ते मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि त्या बाटल्या थेट पेनाच्या डब्याला लावू नका, डोळस यांनी वर लिहिलंच आहे.