हार्दिक पंड्याची हुर्यो आणि हार्दिक पंड्याचा जयजयकार : हवेबरोबर फिरणाऱ्या प्रेक्षकाला चाहता म्हणावे का?

प्रश्न – गिरगावकर

नमस्कार. व्यावसायिक खेळांतील चाहत्यांच्या वागण्याविषयी एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळत आहे आणि येथे क्रिकेट मनापासून पाहणारी मंडळी असल्यामुळे तो सविस्तर मांडत आहे.

१५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार असेल असे जाहीर केले. रोहितने या संघाला पाच विजेतेपदे मिळवून दिली होती, त्यामुळे लोक नाराज होणार हे उघड होते आणि ती नाराजी मला गैरही वाटत नाही. परंतु १ एप्रिल २०२४ रोजी राजस्थान रॉयल्सविरुद्धच्या सामन्यात वानखेडेवर जे घडले, ते नाराजीच्या पलीकडचे होते. नाणेफेकीच्या वेळी स्वतःच्याच संघाच्या कर्णधाराची अशी हुर्यो उडवली गेली, की सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. पुढे क्षेत्ररक्षण करताना खुद्द रोहितने हाताने खूण करून लोकांना आवरण्याचा प्रयत्न केला. मी त्या दिवशी स्टँडमध्ये होतो. माझ्या पुढच्या रांगेत शाळकरी वयाचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. हार्दिक पडद्यावर दिसला की तो आधी डावी-उजवीकडे पाहायचा, आजूबाजूचे ओरडू लागले याची खात्री करून घ्यायचा आणि मग तोंडाजवळ हात धरून ओरडायचा. त्या मुलाला हार्दिकविषयी काहीही राग नव्हता, हे त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते.

त्यानंतर २९ जून रोजी ब्रिजटाऊन येथे टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हार्दिकने दक्षिण आफ्रिकेच्या क्लासेनला बाद केले, शेवटच्या षटकात १६ धावांचे रक्षण केले आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून विजययात्रा निघाली आणि त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ असा घोष झाला. मधे पुरते १०० दिवसही गेले नव्हते.

माझा प्रश्न असा आहे. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे चाहते आणि पडत्या माणसाला लाथ मारणारे द्वेष्टे ही दोन वेगळी माणसे आहेत, की एकाच माणसाची दोन रूपे आहेत? आणि या दोहोंपैकी खेळाचे अधिक नुकसान कोण करतो?

उत्तर १ – शिवाजीपार्कचा_पंच

गिरगावकर, आपण विचारलेल्या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे, तो असा की आयपीएलमधील चाहता नेमका कोणाचा असतो. माझ्या मते बहुसंख्य प्रेक्षक संघाचे चाहते नसतातच. ते एकेका खेळाडूचे असतात आणि संघाचा रंग त्या खेळाडूपाठोपाठ अंगावर चढवतात.

याचा पुरावा त्याच हंगामातील १४ एप्रिलच्या सामन्यात सापडतो. चेन्नईच्या डावातील शेवटचे षटक हार्दिक टाकत होता, धोनी मैदानात उतरला आणि त्याने आल्याआल्या सलग तीन षटकार मारले. चार चेंडूंत २० धावा. वानखेडे हे मुंबईचे घरचे मैदान, गोलंदाज मुंबईचा कर्णधार, आणि तरीही प्रत्येक षटकाराला स्टँड अक्षरशः उसळत होते. मुंबईने तो सामना बरोबर २० धावांनी गमावला. रोहितने नाबाद १०५ धावा केल्या होत्या, म्हणजे अनेकांच्या लेखी त्यांचे दोन्ही आवडते खेळाडू त्या दिवशी यशस्वी ठरले आणि ‘आपला’ संघ हरल्याचे दुःख त्यांना फारसे झाले नाही.

यात सगळा दोष प्रेक्षकांचा आहे असेही मी म्हणणार नाही. दर काही वर्षांनी खेळाडूंचा मोठा लिलाव होतो आणि मोजके खेळाडू सोडले तर सगळा संघ मोडून नव्याने बांधला जातो. हार्दिक स्वतः मुंबईकडून नावारूपाला आला, गुजरातला गेला, २०२२ मध्ये त्यांना कर्णधार म्हणून विजेतेपद मिळवून दिले आणि दोन हंगामांनंतर परत आला. संघच असा वाहता असेल तर चाहत्याने स्थिर राहावे ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची? निष्ठा टिकायची असेल तर जिच्यावर निष्ठा ठेवायची ती वस्तूही थोडी टिकाऊ असावी लागते.

ज्यांना मुंबईच्या क्रिकेटविषयी खरोखर आस्था आहे त्यांना मात्र त्याच वर्षी एक संधी होती. १४ मार्च २०२४ रोजी, म्हणजे या हुर्योच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, मुंबईने याच मैदानावर विदर्भाला हरवून ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या पाच दिवसांतील गर्दीची आणि १ एप्रिलच्या गर्दीची तुलनाच होऊ शकत नाही. ‘आमची मुंबई’ असे ओरडणाऱ्या किती जणांना त्या विजयाची तारीख आठवते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

उत्तर २ – कृष्णाकाठची

पंचकाका, आपले म्हणणे मान्य करूनही मला उशिरा आलेल्या चाहत्यांची बाजू मांडायची आहे, कारण मी सांगलीची आहे आणि स्मृती मानधनामुळे आमच्याकडे महिला क्रिकेट पाहणारे लोक कसे वाढत गेले ते मी जवळून पाहिले आहे.

२०१७ साली लॉर्ड्सवर भारत विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंडकडून ९ धावांनी हरला. त्याआधी उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा केल्या नसत्या, तर आमच्या गल्लीतील निम्म्या लोकांना महिलांचाही विश्वचषक असतो हे कळलेच नसते. हे सगळे हवा पाहून आलेले चाहते होते. त्यांतील बरेच जण नंतर टिकले. त्यांच्या मुली आज सकाळी किट बॅग पाठीला लावून सरावाला जाताना दिसतात, आणि मुलीच्या हाती बॅट देण्यापूर्वी ते आईवडील किती वर्षांपासूनचे चाहते होते हे कोणी विचारत बसले असते, तर या मुली मैदानापर्यंत पोहोचल्याच नसत्या.

२०२५ च्या विश्वचषकात भारताने साखळीत सलग तीन सामने गमावले, तेव्हा समाजमाध्यमांवर खेळाडूंवर टीकेचा भडिमार झाला. जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात वगळले गेले. त्याच जेमिमाने ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ धावा केल्या, आणि २ नोव्हेंबरला त्याच डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री स्टेडियममध्ये असलेल्यांपैकी कितीतरी जण महिलांचा सामना पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत असतील. त्यांच्यावर नाक मुरडण्याचे मला एकही कारण दिसत नाही. ज्या खेळाला वर्षानुवर्षे रिकाम्या स्टँडसमोर खेळावे लागले, त्याला वाऱ्याबरोबर आलेला प्रेक्षकही हवाच असतो.

म्हणून गिरगावकर, आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे. यशामुळे जवळ आलेला माणूस फार तर उद्या निघून जाईल. अपयश दिसताच तुटून पडणारा माणूस मात्र खेळाडूच्या मनावर घाव घालून जातो. या दोघांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

गिरगावकर

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. कृष्णाकाठची यांचे म्हणणे मला पटते, तरी एक शंका राहते. तिकिटाचे पैसे मोजलेल्या प्रेक्षकाला नापसंती व्यक्त करण्याचा हक्क आहे, असे अनेक जण म्हणतात. मग हक्काची नापसंती कोठे संपते आणि कळपाचा द्वेष कोठे सुरू होतो?

उत्तर ३ – मुक्काम_बंगळुरू

नोकरीनिमित्त बंगळुरूला राहत असल्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मला रोज पाहायला मिळाली. २००९, २०११ आणि २०१६ असे तीन अंतिम सामने हरलेल्या, आणि २०१७ मध्ये ईडन गार्डन्सवर ४९ धावांत गारद झालेल्या संघाची टिंगल करणे हा इतर संघांच्या चाहत्यांचा आवडता उद्योग होऊन बसला होता. टिंगल करणाऱ्यांपैकी अनेकांना त्या संघातील चार गोलंदाजांची नावे सांगता आली नसती. सगळे हसतात म्हणून तेही हसत होते. ३ जून २०२५ रोजी अठराव्या हंगामात बंगळुरूने पंजाबला ६ धावांनी हरवले आणि माझ्या कार्यालयात लाल जर्सी घालून आलेल्यांमध्ये असेही काही चेहरे होते, ज्यांनी अनेक वर्षे ही टिंगल पुढे पाठवण्याचे काम इमानाने केले होते. म्हणून गिरगावकर, आपल्या पहिल्या प्रश्नापुरते बोलायचे तर माझ्या अनुभवात हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. अमेरिकेतील सात विद्यापीठांत त्यांना असे दिसले, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढते. खेळले दुसरेच कोणी. या विद्यार्थ्यांना त्या यशाचा थोडा उजेड स्वतःवर पाडून घ्यायचा होता. मला वाटते की हुर्यो उडवणाऱ्यालाही तेच हवे असते. जिंकणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे आणि सगळे ज्याला झोडपत आहेत त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहणे, या दोन्हींमधून बहुमतात असल्याची ऊब मिळते. आपण वर्णन केलेला मुलगा आधी आजूबाजूला पाहत होता, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

हक्काविषयीच्या आपल्या शंकेला माझे उत्तर असे : नापसंतीला कारण असते आणि ते कारण दूर झाले की ती थांबते. हार्दिकच्या बाबतीत निर्णय व्यवस्थापनाचा होता, शिक्षा मात्र खेळाडूला मिळाली, तीही चेंडू टाकताना, झेल घेताना, नुसता पडद्यावर दिसला तरी. ११ एप्रिलला बंगळुरूचा विराट कोहली मुंबईच्या प्रेक्षकांना हाताने थांबवत होता, हार्दिक भारताकडून खेळतो याची आठवण करून देत होता. प्रतिस्पर्ध्याला जे दिसले ते घरच्या लोकांना दिसू नये, याचे मला फार वाईट वाटले. व्यवस्थापनावर राग असेल तर तिकीट न काढणे, जर्सी न घेणे, पत्र लिहिणे असे सगळे मार्ग मोकळे होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ‘हे कालचे चाहते कशाला गेले होते’ असे काही लोकांनी लिहिले. ते वाचून मला संताप आला होता. आनंद साजरा करायला आलेला माणूस काल चाहता झाला की अठरा वर्षांपूर्वी, यावर त्याच्या जिवाची किंमत ठरत नाही. गर्दी होणार हे सगळ्यांना ठाऊक होते आणि तिच्या नियोजनाची जबाबदारी गर्दीवर ढकलता येत नाही. त्या दुर्घटनेनंतरच बंगळुरूचे महिला विश्वचषकाचे सामने नवी मुंबईला हलवले गेले. वर ज्या रात्रीचे वर्णन आले आहे, तिच्यामागे ही हकीकतही आहे.

उत्तर ४ – गहुंजे_नॉर्थस्टँड

पुण्याच्या बाजूने थोडेसे लिहितो, कारण आमच्यावर संघबदलूपणाचा आरोप नेहमी होतो. आमचा आयपीएलमधील पहिला संघ तीन हंगामांत गेला. दुसरा दोनच वर्षांसाठी होता. २०१७ मध्ये त्या संघानेही धोनीला बाजूला करून स्टीव्ह स्मिथला कर्णधार केले होते, राग आम्हालाही आला होता, आणि तरीही २१ मे रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात १३० धावांचा पाठलाग करताना मुंबईकडून एका धावेने हरलो तेव्हा स्मिथसाठीही जीव हळहळला. पुढच्या हंगामात संघच अस्तित्वात नव्हता. अशा वेळी चाहत्याने जावे कोठे?

२०१८ मध्ये कावेरीच्या पाणीवाटपावरील आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याच्या गहुंजे मैदानावर आले, आणि चेन्नईहून खास रेल्वेगाडीने त्यांचे चाहते पुण्यात उतरले. रात्रभर प्रवास करून आलेली ती माणसे पाहिल्यावर आमच्यातील अनेकांनी प्रवेशद्वाराबाहेरच पिवळ्या जर्सी घेतल्या. त्या वर्षी चेन्नई जिंकली, हे खरे आहे. २०२० मध्ये ती पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचली नाही, तेव्हाही आमच्या गटातील बहुतेकांनी ती जर्सी टाकून दिली नाही. गिरगावकरांनी विचारलेल्या चाहत्याची परीक्षा घ्यायचीच असेल तर तो कोणत्या दिवशी आला याकडे पाहू नये. मुंबई २०२२ आणि २०२४ मध्ये तळाला गेली, त्या हंगामांतील शेवटच्या घरच्या सामन्याला कोण आले होते, ते पाहावे.